कोंडाजीच्या परातीतली कीड

"आली, आली! केवढी कीड!"

देवळाली कॅम्पच्या बाजारामागे, धुरानं दातांची कीड पाडणाऱ्या कोंडाजीच्या पडवीत गर्दी पुढे सरकली. परातीतल्या पाण्यावर बारीक पांढऱ्या अळ्या तरंगत होत्या.

"डॉक्टर दात उपटतो," कोंडाजी गरजला. "मी घर पाडत नाही, फक्त चोर पकडतो!"

मी भिंतीला चेपून उभा होतो. पुढे माणसं, मागे माणसं. शेजारी माझ्या बहिणीची सून, लता. तिचा गाल सुजून डोळा मिटला होता, अंगात ताप होता. दातांचे डॉक्टर सकाळीच म्हणाले होते, "दाढ आजच काढू. पू गळ्याकडे उतरला तर श्वास अडकेल."

पण बहीण, आक्का, ऐकेना. "भाऊ, तू पुस्तकं वाच. आधी कीड पडू दे."

एकदा निखाऱ्यांवर आणि परातीवर वाकून बसलेल्याच्या अंगावर गोधडी पडली, की धूर संपेपर्यंत बाहेर यायचं नाही, हा कोंडाजीचा नियम. लता गुदमरेल, हे मला ओरडून सांगायचं होतं, पण एवढ्या गर्दीपुढे धीर होईना. कोंडाजीनं तिला खूण केली, तेव्हा मी कसाबसा पुटपुटलो, "आधी माझी काढा."

"या आजोबा! तुमची कीड जुनी दिसते!" लोक हसले.

गोधडी पडली. काळोख, धूर, निखाऱ्यावर रिंगणीच्या, त्या काटेरी रानझुडपाच्या, बियांची तडतड. आणि कीड पडलीच नाही तर? मग मीच कोंडाजीला खरा ठरवणार होतो.

गोधडी उचलली. परातीत अळ्याच अळ्या.

"बघा! आजोबांच्या दाढा पार पोखरल्यात!"

मी वरची कवळी काढली, मग खालची. तोंडात दात एकही नव्हता.

मग कुणीतरी म्हणालं, "कोंडाजी, तुझी कीड कवळी खाते का रे?"

"हिरडीतली आहे ती!"

बोळक्या तोंडानं बोलता येईना. मी घाईघाईनं कवळी बसवली. "आता धुरावर कुणीच तोंड धरू नका," म्हणत तिथल्याच चिमूटभर बिया निखाऱ्यावर टाकल्या. तडतड झाली, पाण्यात पुन्हा तशाच अळ्या. एक उचलून आक्काच्या तळहातावर ठेवली. ती हलेना.

"हा बीमधला कोंब, आक्का. उष्णतेनं बी फुटतं, हा बाहेर उडतो."

"मग दात किडतो कशानं?"

"गोड, चिकट खाल्लेलं दातांत अडकतं. तोंडातले जंतू त्याचं आम्ल करतात. आम्लानं दाताचं कवच हळूहळू विरघळतं, खड्डा दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचतो. मग ठणका, मग पू. धुरानं तो कसा निघेल?"

आक्कानं हात पदराला पुसला. "टांगा बघ, भाऊ."

गर्दी हलेना, मागचे अजून अळ्या बघायला रेटत होते. "वाट द्या!" हा आवाज माझाच होता.

दुपारी लताची दाढ निघाली. ताप उतरायला मात्र वेळ लागला.

दात दुखला, तर जो आधी तोंड उघडायला सांगतो, त्याच्याकडे जा. कोंडाजीनं माझ्या तोंडात एकदाही डोकावलं नव्हतं.