मागचा पंखा

रविना किन्हवलीतल्या आपल्या खोलीत हिरीआत्याला समोर बसवून रानभाज्यांची माहिती रेकॉर्ड करत होती. ऐकून पाहिलं, तर आत्यापेक्षा कॉम्प्युटरचीच घरघर मोठी.

"तुझं मशीन मला बोलूच देत नाय गो," आत्या वैतागली.

रविनाने कॉम्प्युटर बंद करून त्याचं झाकण उघडलं. जोडणाऱ्याने पुढचे दोन्ही आणि मागचा एक, असे तिन्ही पंखे हवा आत ओढतील असेच बसवले होते. गरम हवेला बाहेर पडायला धड वाटच नव्हती, म्हणून ते जीव खाऊन फिरत होते. तिने मागचा पंखा काढून उलटा बसवला आणि पुढच्या जाळीवरची धूळ झाडली. कॉम्प्युटर सुरू करून मागे हात धरला, तर गरम वारा लागला. हळूहळू पंख्यांचा वेग आपोआप उतरला.

"बंद पडला का?"

"नाय आत्या, चालूच हाय. तू बोल."

शेवळाच्या भाजीची खाज जायला काकडाची आंबट फळं कशी घालायची, ते आत्याने सांगितलं. रविनाने तेवढं रेकॉर्डिंग तिला ऐकवलं. आत्या कान देऊन ऐकत राहिली आणि लाजून हसली.

"एवढी बरी बोलते मी? मग थांब, आता कुड्याच्या शेंगांचं सांगते."