दोन भिंती आणि डॉक्टर स्वीटी

आमच्या ह्यांना काहीही विचारा, उत्तर ठरलेलं. भाजी कोणती करू? "तूच सांग." लग्नात आहेर काय द्यायचा? "तूच सांग." माझं डोकं फिरतं. कॉलेजातही हे असेच वागतात, आणि तिथे म्हणे याला मार्गदर्शन म्हणतात.

हे म्हणजे गजेंद्र सर, वर्ध्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मातीचा विषय शिकवतात आणि येत्या जूनमध्ये निवृत्त होतात. यांच्या हाताखाली डॉक्टर स्वीटी मडावी संशोधन करते. नाव स्वीटी, स्वभाव कडक. पीएचडी केव्हाच झाली, तरी अजून ती एका प्राध्यापकाजवळ राहून काम करते. याला पोस्टडॉक म्हणतात, हे पिपरी मेघेतल्या आमच्या गल्लीत समजावून मी थकले. शेजारच्या जयवंताबाई प्रत्येक भेटीत विचारतात, "डाक्टर झाली ना थे? मंग अजून काऊन शिकून राह्यली?" कॉलेजातही तीच गत. शिक्षकांच्या खोलीत तिला खुर्ची नाही आणि विद्यार्थ्यांच्या फोटोत जागा नाही.

यंदा संस्थेनं पहिल्यांदाच ठरवलं की पोस्टडॉक आणि त्याला घडवणारा प्राध्यापक, अशा एका जोडीचा सन्मान करायचा. ज्या जोडीला तो मिळेल तिचं काम पुढेही चालणार होतं. नाहीतर जूनमध्ये ह्यांच्यासोबत स्वीटीचं कामही घरी बसणार होतं. मला तो सन्मान हवा होता. उगाच साळसूदपणा कशाला करू? हवाच होता.

काम तसं साधं दिसणारं. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि वरच्या घराच्या भिंती फाडते. स्वीटीच्या गावी तिचे वडील पुनाजी दर दिवाळीला त्याच त्या भेगा लिंपत आले. तिनं कॉलेजच्या मैदानात दोन सारख्या भिंती बांधून घेतल्या. एकीच्या पायाखाली नुसती काळी माती. दुसरीच्या पायाखालच्या मातीत चुना आणि पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांची, राख कालवलेली. वर्षभरात पहिली भिंत अशी फाटली की भेगेत बोट जावं. दुसरीवर ओरखडाही नाही. सन्मान ठरवणाऱ्या समितीतल्या एका साहेबांनी आधीच कळवलं होतं, "फोटो नकोत, मोबाइलवर काय वाट्टेल ते करता येतं. आम्ही डोळ्यांनी बघू."

मे महिन्यात हे परीक्षेच्या कामासाठी नागपूरला गेले आणि स्वीटी चुलत बहिणीच्या लग्नाला गावी. दोघं एकाच दिवशी परतले, आणि मी ह्यांचा डबा घेऊन गेले तर दोघंही मैदानात पुतळ्यासारखे उभे. दोन्ही भिंती पांढऱ्याशुभ्र! नवं प्लास्टर, वरून चुना. कॉलेजची देखभाल बघणारा प्रेमदास हातात पाइप घेऊन दोन्ही भिंतींवर पाणी मारत होता.

"पाहुणे येऊन राह्यले ना, सर," तो हसून म्हणाला. "फुटकी भिंत दाखवाची का त्यायले? कॉलेजची इज्जत हाय!"

वर्षाची मेहनत, आणि या बाबानं ती चुन्याखाली गाडून टाकली. ह्यांचा चेहरा लाल झाला. पण प्रेमदासवर ओरडायचं सोडून हे स्वीटीकडे वळले आणि म्हणाले, "आता काय करायचं? तूच सांग."

मला वाटलं, हातातला डबाच फेकून मारावा. अशा वेळी तरी माणसानं काही सुचवावं!

"प्लास्टर खरवडून काढा," मी म्हटलं.

"नाई काकू. खरवडलं तर म्हणतील, भेग आपणच पाडली." स्वीटी खाली बसली. उन्हाळाभर तापलेली माती ते पाणी घटाघट पीत होती. ती बराच वेळ बघत राहिली. मग उठून म्हणाली, "प्रेमदास भाऊ, पाणी बंद नका करू. समिती याले पंधरा दिवस हायेत, तोवर रोज मारा. दोन्ही भिंतीले सारखं."

हे चपापले. "माती फुगेल, स्वीटी. आपली चांगली भिंतही फुटली तर?"

"तर फुटू द्या, सर. मंग आपलं चुकलं, हे तरी खरं कळंल."

हे प्रेमदासला म्हणाले, "मॅडम म्हणतात तसं कर." त्या दिवसापासून आमच्या घरात कुणाला धड जेवण गेलं नाही.

समितीच्या दिवशी आम्ही सकाळीच पोचलो. स्वीटी पुढे धावली आणि तिथून तिची आरोळी आली, "प्रेमदास भाऊ! हात लावाचा नाई!"

प्रेमदास घमेल्यात सिमेंट कालवून पहिल्या भिंतीसमोर उभा होता, रडवेला. नव्या प्लास्टरला वरपासून खालपर्यंत चिरत भेग उघडली होती. दुसरी भिंत लग्नातल्या नवरदेवासारखी ऐटीत उभी. स्वीटीनं तिच्यावरून तळहात फिरवला, पुन्हा फिरवला आणि माझ्याकडे वळली. मी तिला पोटाशी धरलं. आम्ही दोघी रडलो, चांगल्या मोठ्यानं रडलो.

मोबाइलवाल्या साहेबांनी भेगेत पेन घालून पाहिलं. मग कुणाला न विचारता थेट प्रेमदासलाच गाठलं. "या भिंतीला माल हलका लावलास का?"

प्रेमदास उसळलाच. "साहेब, माल एक, मिस्तरी एक, पाणी एक! थे पाहा, चांगली हाय का नाई? हेच भिंत नालायक हाय!"

साहेब हसू लागले. कुणी पढवलेला नव्हता, उलट भेगा बुजवणारा साक्षीदार! असा पुरावा आम्हाला मागूनही मिळाला नसता.

संध्याकाळी सभागृहात नाव पुकारलं, डॉक्टर स्वीटी मडावी आणि त्यांचे मार्गदर्शक गजेंद्र सर. टाळ्यांनी छत उडायचं बाकी राहिलं. पुनाजी पहिल्या रांगेत उभे राहून टाळ्या वाजवत होते, बसायचं भानच नव्हतं त्यांना. मंचावर स्वीटीला खुर्ची होती, तिच्या नावाची पाटी लावलेली. शाल-श्रीफळ झालं. मोबाइलवाल्या साहेबांनी ह्यांच्या हाती माइक दिला. "सर, असा पोस्टडॉक घडवायचा कसा, ते आम्हाला सांगा."

हे माइकजवळ गेले, खाकरले. सगळं सभागृह कान टवकारून बसलं. ह्यांनी मान वळवून स्वीटीकडे पाहिलं, आणि मला कळलं आता काय होणार.

"तूच सांग," हे म्हणाले, आणि माइक तिच्या हाती देऊन मागे सरले.

आयुष्यात पहिल्यांदा मला त्या दोन शब्दांचा राग आला नाही.