कोपऱ्यातली छत्रीवाली

मी छत्रीवाली बोलतेय. वर नका बघू, तिथे लोहार, पैलवान अशी बडी मंडळी बसलीत. खाली, खेळाडू निवडायच्या पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात बघा. जरा मान तिरकी केलीत की दिसेन.

आमचा व्हिडिओ गेम साधा. हवेत तरंगणाऱ्या फळीवर दोघांनी लढायचं. जितका मार खाल तितके हलके होता, आणि फळीवरून लांब उडालात की संपलात. मला बनवणाऱ्यांनी सगळ्यांत शेवटी काढलं. तेव्हा त्यांना घरी जायची घाई असावी. लोहाराला घण मिळाला, मला छत्री. ती उघडून तरंगायचं, एवढीच माझी विद्या. खेळात सुधारणा झाली की मी आशेनं बघायची. दरवेळी ताकद दुसऱ्यांना आणि मला नव्या रंगाचा फ्रॉक.

त्यामुळे मला कोणी घेत नसे. बसल्या बसल्या मी लोकांच्या खोल्या न्याहाळायची. कोणाच्या सोफ्यावर घड्या न घातलेल्या कपड्यांचा ढीग आहे, कुठल्या घरात कोण कोणाशी बोलत नाही, सगळं मला ठाऊक. तुला काय करायचंय म्हणाल, पण मला डोळे मिटता येत नाहीत ना.

मग ती आली. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवणारी. संध्याकाळी यायची ती बोटांना पांढरी भुकटी तशीच घेऊन, आणि थोरल्या भावाशेजारी बसायची. पहिल्याच दिवशी तिनं मला घेतलं. का, ते कधी बोलली नाही.

दादा लोहार घ्यायचा आणि मला भिरकावून द्यायचा. वहिनी मटार सोलता सोलता विचारायची, रोज मार खाऊन हिला मिळतं तरी काय? पण ती शिकत गेली. छत्री केव्हा मिटायची, फळीच्या काठाला कसं लटकायचं, लोहारानं घण उचलला की त्याच्या बगलेखालून कसं निसटायचं. पुढेपुढे दादा हरायला लागला, आणि हरायची वेळ आली की त्याला नेमकी भूक लागायची.

तिनं स्पर्धेला जायचं ठरवलं तेव्हा तो म्हणाला, "हिला घेऊन? अगं, शिंकलं तरी उडते ती."

"उडते, पण परत येते ना दादा."

हे वाक्य मी अजून जपून ठेवलंय.

स्पर्धांत आम्ही हरलो. बऱ्याचदा थोडक्यात, पण हरलोच. आणि जिंकून एकदा तरी मोठ्या स्पर्धेत जायचं, हे तिच्या मनानं घेतलं होतं. एका संध्याकाळी कंट्रोलरवरचा तिचा अंगठा माझ्यापर्यंत आला, थांबला, आणि वर लोहाराकडे गेला. तिला बोल कसा लावू? लोहार घेऊन ती जिंकायला लागली. दादा भेटेल त्याला सांगत सुटला. मी कोपऱ्यातून बघत राहिले. बोटांवरची भुकटी तीच, कपाळावरची बट तीच, फक्त त्या बोटांखाली मी नव्हते.

मग तो सामना आला. जिंकणाऱ्याला मोठ्या स्पर्धेत जागा होती. बरोबरी झाली, शेवटचा डाव उरला. प्रत्येक डावाआधी खेळाडू नव्यानं निवडायचा असतो. अंगठा आपल्या जुन्या वाटेनं निघाला, खाली आला, उजवीकडे वळला, आणि मी निवडली गेले. निवडल्यावर बदलायचं नाही, असा तिथला नियम. मागे उभ्या दादानं कपाळाला हात लावला.

काय खेळली ती! उडाले, परत आले. पुन्हा उडाले, छत्री उघडली, काठ धरला. शेवटी दोन्ही बाजूंना एकेक जीव उरला. समोरच्या लोहाराचा घण बसला. मी तरंगत परत निघाले, आणि काठ माझ्या बोटांपासून एवढासा राहिला.

"चुकून दाबलं गेलं," ती दादाला म्हणाली. त्यानं नुसता तिच्या खांद्यावर हात ठेवला. पण ती पडद्याकडेच बघत होती. चुकून झालेल्या गोष्टीकडे माणसं इतका वेळ बघत नाहीत, एवढं मला कळतं.

आता पुन्हा लोहारच. पुढच्या खेपेला तो तिला मोठ्या स्पर्धेत नेईल, आणि न्यावंच त्यानं. तिथल्या पडद्यावरही मी असेन, याच कोपऱ्यात.

पोरी, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त एखाद्या संध्याकाळी, काहीच पणाला लागलेलं नसताना, तुझा अंगठा पुन्हा एकदा चुकू दे.