तिसरं कडवं

"आई, हे तिसरं कडवं ऐका ना," सुनेनं मोबाइलचा आवाज वाढवला. "नाचता नाचता काय झोंबणारं लिहिलंय बघा."

सासूबाई, म्हणजे सगळ्यांच्या मावशी, जाळीवर केस गाठत बसल्या होत्या. सुईनं एक केस ओढायचा, गाठ मारायची, पुढचा घ्यायचा. तीस वर्षं त्या विग करत होत्या. गाण्याची चाल आठवडाभर त्यांच्याही कानावर आदळत होती, बसमध्ये, बेकरीत, वरच्या मजल्यावरच्या जिममध्ये. अकरा वर्षं गप्प बसलेली गायिका परत आली होती आणि फोटोवाल्यांना, चाहत्यांना, साप्ताहिकांना ठेक्यावर चिमटे काढत होती. 'या, जवळ या, फोटो काढा, माझं दुखणं वाटून घ्या' एवढं मावशींना पाठ झालं होतं. पुढचे शब्द ठेक्यात बुडून जायचे. आज ते नीट ऐकू आले.

'परके नुसते दारात होते, कडी काढली सख्खीनं.'

सुईतला केस तुटला.

"सख्खी म्हणजे धाकटी बहीण हो तिची," सून म्हणाली. "हिला चाई लागली, डोक्यावरचे केस गेले, ते त्या बहिणीनंच बाहेर सांगितलं. तेव्हापासून ही तिचं तोंड बघत नाही. बरोबरच आहे म्हणा."

गायिकेचे केस गेलेत हे तेव्हा तिघांनाच माहीत होतं. डॉक्टरांना, बहिणीला आणि मावशींना. मावशींनी ते नणंदेकडे जेवताना सांगून टाकलं होतं. कुणी विचारलंही नव्हतं. सासरच्या माणसांत मावशी बोलायला लागल्या की कुणीतरी मीठ मागायचं, कुणीतरी हात धुवायला उठायचं. त्या दुपारी त्याच गायिकेचा विषय निघाला आणि त्या बोलून गेल्या, "तिचा विग मीच करते. मूठभर केस राहिले नाहीत तिच्या डोक्यावर."

सगळ्यांचे हात ताटात थांबले. नणंदेचा जावई एका साप्ताहिकात होता. "मामी, खरं सांगता?" म्हणत त्यानं खुर्ची जवळ ओढली. मग मावशींनी त्यानं विचारलं त्याहून जास्तच सांगितलं. त्यांचं बोलणं संपेपर्यंत माणसं जेवायची थांबली, असं जन्मात पहिल्यांदाच झालं होतं.

चौथ्या दिवशी ते छापून आलं. पाठोपाठ गायिकेचा निरोप आला, 'घाबरू नका, तुमच्यावर माझा संशय नाही.' मावशींना हायसं वाटलं होतं. मग संशय कुणावर आहे, हे काही त्यांनी विचारलं नाही. ते हायसं वाटणं आठवून आता त्यांना मान वर करवेना.

तीन वाजता गायिका मापं द्यायला आली. पुढच्या महिन्यात तिचा स्टेजवरचा पहिला कार्यक्रम होता. सून दारातच हरखली, तिनं खुर्ची दोनदा पुसली. गायिकेनं डोक्याचा रुमाल सोडला आणि आरशात बघून हसली. "इथं मला कधी लाज वाटत नाही, मावशी."

मावशींनी तिच्या कपाळावर टेप लावली. आकडा दिसेना. त्यांनी टेप खाली ठेवली.

"ते तुमच्या बहिणीनं सांगितलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "मी सांगितलं होतं."

सुनेच्या हातातला पिनांचा डबा तसाच राहिला. गायिका आरशातूनच त्यांच्याकडे बघत होती.

"का?"

"चार माणसं माझ्याकडे बघत होती म्हणून."

जिममधला ठेका छतातून ऐकू येत होता.

"ती म्हणत होती, 'ताई, मी नाही.' माझ्या पायाला हात लावून म्हणत होती," गायिका म्हणाली. "मी तिला जिना उतरायला लावला. आणि आता हे गाणं. लग्नांत वाजतंय ते, मावशी. लहान पोरं नाचतायत त्यावर. कुठून कुठून परत आणू मी ते?"

सून आता सासूकडे बघतसुद्धा नव्हती. ती भिंतीकडे तोंड करून डब्यातल्या पिना सारख्या करत होती.

गायिकेनं रुमाल परत बांधला. गाठ दोनदा सुटली. मावशींचा हात पुढे झाला आणि अर्ध्यावरून मागे आला. मग तिनं पर्समधून फोन काढला, नंबर लावला आणि मावशींपुढे धरला.

"तुम्ही बोला. मला तोंड नाही."

मावशींनी फोन कानाला लावला. रिंग फार वेळ वाजली नाही.

"ताई?" पलीकडचा आवाज घाईघाईनं म्हणाला. "ताई, तूच आहेस ना?"

एवढ्या आशेनं आपल्याला कुणी कधी हाक मारली नव्हती, आणि ही हाकही आपल्यासाठी नाही, हे मावशींना कळत होतं. खुर्चीची पाठ धरून त्या उभ्या राहिल्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "मी विग करणारी बाई बोलतेय. तुम्हाला एक सांगायचं राहिलंय."