मधला भाव

मस्कतहून सुट्टीवर आलेल्या माणसाला बेल्ह्यात ताक आणि सल्ला या दोन गोष्टी फुकट मिळतात. ताक निदान पोटाला थंड पडतं.

मोहिनीला या खेपेला सल्ल्याचंच अजीर्ण झालं होतं. प्रश्न तसा सरळ होता. तिची श्रेया नववीत गेली होती, पुढं डॉक्टर व्हायचं म्हणत होती, आणि तिला मस्कतच्या शाळेतून काढून इकडं कधी आणायची, हे या सुट्टीत ठरवायचं होतं. मोहिनी म्हणत होती, आत्ताच. राज्याच्या कोट्यातून मेडिकलला जागा हवी तर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून व्हायला लागतात, हे ती पुण्याला जाऊन नीट विचारून आली होती. तिचा नवरा भरत तिकडं एका कंपनीत क्रेनची देखभाल बघायचा. तो म्हणत होता, बारावी झाल्यावर. का म्हणून विचारलं तर म्हणे, "तोवर नियम बदलतील."

नियमाचं निमित्त होतं. लेक आली की बायकोही येणार आणि आपण त्या फ्लॅटमध्ये एसीचा आवाज ऐकत एकटे बसणार, हे त्याचं खरं दुखणं. ते तो बोलत नव्हता. बोलला असता तर मोहिनी निम्मी विरघळली असती, पण एवढा हिशोब नवऱ्यांना कुठला जमायला.

आणि गावाचं मत असं, की मोहिनीलाच तिकडचं ऊन सोसत नाही, पोरीचं नुसतं निमित्त. हे ऐकून ती जास्तच तापायची. मस्कतमध्ये तिची गणिताची शिकवणी होती. दारात चपलांचा ढीग पडायचा, पोरांचे आईबाप तिला मॅडम म्हणायचे. इथं आली की ती परत भरतची बायको. या सगळ्या व्यवहारात खोट बसणार होती ती तिला एकटीला, आणि नेमकी तीच रक्कम कुणी मांडत नव्हतं.

शेवटी सासऱ्यांनी मनावर घेतलं. सयाजी म्हणजे बेल्ह्याच्या बैलबाजारातला जुना दलाल. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली हात धरायचा, बोटं दाबायची, एकाचा आकडा दुसऱ्याला कळू द्यायचा नाही, आणि दोघांना रेटत रेटत मध्यावर आणून हातावर हात मारायचा. हात मारला की सौदा झाला. सयाजीनं जमवलेला सौदा मोडल्याचं बाजारात कुणाला आठवत नव्हतं.

त्यांनी आधी भरतला गोठ्यामागं नेलं, मग मोहिनीला ओट्यावर बोलावलं.

"तुजा शेवटचा आकडा सांग. हळू."

"आकडा कसला, मामा? शाळा आहे ती."

"समद्याला आकडा आसतो. तू नववी म्हंतीस. त्यो बारावीनंतर म्हंतो. जरा सरक."

"यात सरकायला जागाच नाही."

"हे समदेच म्हंत्यात," म्हणत सयाजी परत गोठ्यामागं गेले. असे ते किती वेळा गेले आणि आले, शेवटी सासूबाई, कुशाबाई, म्हणाल्या, "आवं, बसा की येका जागी. पायाला वाट फुटली."

दिवे लागायच्या सुमाराला शेजारचे गेणभाऊ आले. सयाजींनी त्यांच्यादेखत भरतचा हात धरला आणि त्यावर आपला हात मारला.

"ठरलं. धावी तिकडं, आकरावीला पोरगी हिकडं. दोघांचं बी राह्यलं."

कुशाबाईंनी सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. गेणभाऊ म्हणाले, "बराबर मध्यावर आणलं बगा, राव." भरतनं साखर तोंडात टाकून मान हलवली. मोहिनीच्या हातातली साखर घामानं चिकट झाली.

"तुम्हाला काही कळलं का?" गेणभाऊ गेल्यावर तिनं नवऱ्याला स्वयंपाकघरात गाठलं. "दहावी तिकडं झाली की कोटा गेला. मग अकरावीला इकडं आणून काय उपयोग? त्यापेक्षा तुमचं बारावीनंतरचं परवडलं, पोरीची शाळा तरी मधेच मोडली नसती. आपण दोन्हीकडचा तोटा घेतला आणि वर साखर खाल्ली."

"मग दादांना सांग ना."

"वडील कुणाचे आहेत?"

"तुझं ऐकत्यात ते. आणि आता हात मारलाय त्यांनी, चारचौघांत."

"चारचौघांत म्हणजे एकट्या गेणभाऊंसमोर."

"गेणभाऊ म्हंजी चारचौघंच," भरत म्हणाला. ते मात्र खरं होतं.

सकाळी मोहिनीच्या ध्यानात आलं, की जिच्यासाठी एवढा बाजार भरला तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. तिनंही नाही. श्रेया मागच्या दारी केस विंचरत बसली होती.

"मला आत्ताच यायचंय," श्रेया म्हणाली. मोहिनीला हायसं वाटलं, तेवढ्यात पुढचं आलं. "पण तू येऊ नकोस."

"म्हणजे?"

"मी आजीकडं राहीन. आळेफाट्याच्या शाळेत जाईन. तू आलीस तर दिवसभर माझ्याच मागं लागशील. तिकडं तुझं ओरडणं वीस पोरं वाटून घेतात. इथं सगळं माझ्या एकटीच्या वाट्याला."

मोहिनीला राग आला. मग तिनं त्या हिशोबात चूक शोधली. गणित शिकवणाऱ्या बाईला चूक सापडत नाही, याचा राग पहिल्यापेक्षा मोठा होता. आपण 'आत्ताच' म्हणत होतो तेव्हा त्यात 'आपण दोघी' हे गृहीतच धरलं होतं, हेही तिला तिथंच उभ्या उभ्या कळलं. पोरगी चौदा वर्षांची. ताप आला तर उशाशी कोण बसणार? बसतील कुशाबाई. हेच तर गिळवत नव्हतं.

ती सासऱ्यांकडं गेली. ते बैलाच्या शिंगाला तेल लावत होते.

"मामा, सौदा झाल्यावर जनावरात खोड निघाली तर?"

"तर दलालानं सोताच्या तोंडानं सांगायची. दडवली तर त्यो दलाल न्हाई."

"मग निघालीय." आणि तिनं दहावीचं, बारावीचं, कोट्याचं सगळं समजावून सांगितलं.

सयाजींचा हात शिंगावरच थांबला. "हे काल का न्हाई बोललीस?"

"तुम्ही आकडा विचारला. कारण विचारलंच नाही."

त्यांनी हात पुसले, टोपी घातली आणि गेणभाऊंच्या घरी स्वतः चालत गेले. परत आले ते घुश्शातच. "सांगितलं. सौदा माजाच कच्चा व्हता. आता काय करायचं ते तुमी करा, मला इचारू नका." दोन दिवस ते घरात कुणाशी धड बोलले नाहीत, पण श्रेयाला शाळेत नाव घालायला मोटारसायकलवरून तेच घेऊन गेले.

भरतनं मोबाइल काढला. "दोन तिकिटं रद्द करू ना?" त्याचा चेहरा पार उतरला होता.

"एक," मोहिनी म्हणाली.

"एक?"

"मी येतेय. आता हसू नका."

"मी कुठं हसलो?" तो म्हणाला, आणि पाठ फिरवून हसला. पाठीमागून हसणं ओळखता येतं, हे लग्नाला इतकी वर्षं होऊन त्याला ठाऊक नव्हतं.

जायच्या दिवशी गाडी दारात आली. मोहिनीनं कुशाबाईंना औषधं दाखवली, श्रेयाला चष्म्याचं सांगितलं, केसांचं सांगितलं, परत चष्म्याचं सांगितलं.

"आई, ड्रायव्हर थांबलाय," श्रेया म्हणाली. तिनं आईला मिठी मारली. ती बरी घट्ट होती, पण मोहिनीच्या हिशोबानं जरा लवकर सुटली.

गाडी निघाली. भरत ड्रायव्हरशी टोलच्या गप्पा मारायला लागला. मोहिनीनं मागच्या काचेतून पाहिलं. सासू हात हलवत होती, सासरे दुसरीकडं बघत उभे होते, आणि श्रेया केव्हाच घरात गेली होती.

निदान वळणापर्यंत तरी उभं राहायचं, कार्टीनं.