संचालकांचं हळदकुंकू

संचालक डॉ. शिरसाठ प्रयोगशाळेत पाऊल ठेवायचे ते फक्त फोटोपुरतं. रक्ताच्या एका थेंबावरून आजार सांगणारी नखाएवढी चिप योगिनी निकमनं नऊ वर्षं खपून बनवली. पण गंगापूर रोडवरच्या फ्लेक्सवर 'संशोधक' म्हणून थोबाड झळकत होतं साहेबांचं. तिचं नावसुद्धा नव्हतं.

चिपच्या उद्घाटनाला पूजा होणारच, हे ओळखून तिनं पूजेच्या ताटात एक बाद झालेली चिप ठेवली. ते कळताच साहेब खेकसले, "खरी आणा. फोटो दिल्लीला जायचाय."

"सर, हळदकुंकवानं चिपमधल्या नळ्या तुंबतील," ती म्हणाली. ऐकतो कोण! केसाहून बारीक नळ्यांच्या तोंडावरच त्या महापंडितानं अंगठ्यानं हळदकुंकू थापलं, वर दोन अक्षताही टाकल्या.

मग प्रमुख पाहुण्यांच्या बोटाचा थेंब चिपवर ठेवला. तो जागचा हलेना. सभागृहात कुजबूज सुरू झाली. साहेबांनी अंगठा रुमालाला पुसला, माइक ओढला आणि हसत म्हणाले, "ही चिप आमच्या निकम मॅडमची बरं का! सगळं काम एकट्या त्यांचंच."

नऊ वर्षांत हे त्यांनी पहिल्यांदाच कबूल केलं.