हिरव्या कापडाखालची कात्री

सभागृहात खुर्च्या दोनशे आणि माणसं तीनशे. ज्यांना जागा मिळाली नाही ते भिंतीला टेकून उभे होते आणि सगळ्यांचे डोळे व्यासपीठावरच्या एका भल्यामोठ्या तबकडीकडे लागले होते. तिच्यावर लिहिलं होतं, ‘मेंदूचं वय’. तबकडीखाली एक निवृत्त ग्रंथपाल बसले होते, डोक्यावर निळे दिवे लुकलुकणारी टोपी घालून. महिन्यापूर्वी याच गृहस्थांना ट्रेमधल्या वीस वस्तूंपैकी सहाच आठवल्या होत्या आणि काटा अठ्ठ्याऐंशीवर गेला होता. आज त्यांनी वीसच्या वीस वस्तू धडाधड सांगितल्या. काटा थरथरला, उलटा फिरला आणि बावन्नवर येऊन थांबला. सभागृहातून “अरे!” असा एकच आवाज उठला. ग्रंथपालांच्या पत्नीने रुमालात तोंड लपवलं.

“टाळ्या मला नकोत,” मेंदूसर हात जोडून म्हणाले. त्यांना सगळे मेंदूसरच म्हणत. अंगात पांढरा कोट होता, पण ते कशाचे डॉक्टर, हे कुणी विचारलेलं नव्हतं. “टाळ्या यांच्या न्यूरॉन्सना द्या! मेंदू म्हणजे काय? बाग! तुम्ही पाणी घातलंत? नाही. खत घातलंत? नाही. मग तण माजणारच. माझ्या टोपीतली निळी लहर तण उपटते, हिरवी लहर खत घालते आणि जांभळी लहर...”

जांभळी काय करते ते टाळ्यांत बुडालं. मला वाटतं, त्यांनाही ते अजून ठरवायचं होतं.

मी चष्म्याचं दुकान चालवतो. मी टाळ्या वाजवत नव्हतो, पण हसतही नव्हतो, कारण शेजारी माझी मोठी बहीण बसली होती आणि इथे यायचा हट्ट तिचा होता. आमची आई शेवटची चार वर्षं आम्हाला ओळखत नव्हती. मला ती “अहो, गाडी कधी सुटते?” असं विचारायची. त्यामुळे घरात कुणी चावी विसरलं तरी आम्हा दोघांच्या पोटात गोळा येतो. आम्ही ते बोलून दाखवत नाही, एवढंच.

“आता नवीन मंडळींपैकी कोण येतंय?” मेंदूसरांनी विचारलं.

ताई उठली. जाताना मला म्हणाली, “वस्तू मोजायच्याच आहेत ना? जन्मभर तेच केलंय मी.”

ते खरं होतं. ताई छत्तीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होती. पोट उघडण्याआधी कात्र्या, चिमटे, गॉजचे तुकडे मोजायचे, फळ्यावर लिहायचे, आणि पोट शिवण्याआधी पुन्हा मोजायचे. आकडा जुळला की ताई म्हणायची, “मोजणी बरोबर.” त्याशिवाय कुणीही टाका घालायचा नाही, मग सर्जन कितीही मोठा असो. निवृत्तीनंतरही दर शनिवारी ती शिकाऊ नर्सना हीच मोजणी शिकवत होती.

सहायक मुलीने ट्रे पुढे ठेवला. तो फक्त ताईला दिसत होता, आम्ही खाली बसलेलो. मिनिटभर पाहू दिलं. मग वर जाड हिरवं कापड, संगीत मोठ्याने, आणि दोन मिनिटं मेंदूसरांची बडबड. ताईने डोळे मिटून वस्तू सांगायला सुरुवात केली. एक, दोन, पाच, दहा, सोळा! लोक कौतुकाने बघायला लागले. मुलीने कापड उचलून मागच्या टोपलीत ठेवलं आणि मेंदूसर पडताळा घ्यायला वाकले. वाकलेले ते बराच वेळ उठलेच नाहीत.

“सिस्टर,” ते हलक्या आवाजात म्हणाले, पण माइक चालू होता. “लाल मुठीची कात्री कुठाय?”

ताईने ट्रेकडे पाहिलं. कात्री नव्हती. तिने सांगितलेली मोठी किल्ली नव्हती आणि पत्र्याचं झाकणही नव्हतं.

“पण मी पाहिली. लाल मूठ होती.”

“विसरणं हे वयामुळे होतं,” मेंदूसर म्हणाले. “नसलेलं दिसणं हे वेगळं असतं. घरात कुणाला होतं का? आईला?”

ताईने मानेनेच हो म्हटलं. काटा एक्याण्णववर गेला. ताईचं वय सहासष्ट. ती खाली आली तेव्हा तिचा चेहरा आईसारखा दिसत होता, आणि तसं वाटल्याबद्दल मी स्वतःला आजही माफ केलेलं नाही.

त्यानंतरचे पंधरा दिवस वाईट गेले. ताई रोज मेंदूसरांच्या केंद्रात जाऊन अर्धा तास टोपी घालून बसायची. घरी गॅसचं बटण सात-सात वेळा बघायची. कपाटांवर चिठ्ठ्या लागल्या: ‘कपबश्या’, ‘औषधं’, ‘टॉवेल’. शनिवारचा वर्ग तिने फोन करून बंद केला.

“जिला नसलेली कात्री दिसते तिने पोरींना मोजणी शिकवायची?” ती म्हणाली.

“ताई, अगं एका खेळावरून...”

“खेळ नाही. तू झोपतोस ना रे नीट? मी नाही झोपत. छत्तीस वर्षं मी ‘मोजणी बरोबर’ म्हटलं आणि त्यांनी माझ्या शब्दावर पोटं शिवली. त्यातली एखादी बरोबर नसेल तर? कुणाच्या तरी पोटात काहीतरी राहिलं असेल आणि ते माणूस अजून दुखतंय म्हणत फिरत असेल तर?”

मी स्वतःला मोठा शहाणा समजतो, बुवाबाजीवर दुकानात तासतास बोलतो. पण खरं सांगतो, मीही घाबरलो होतो. मी बोलता बोलता तिला वार विचारायचो, पंतप्रधान कोण ते विचारायचो, अगदी सहज विचारल्यासारखं. एकदा तिने माझ्याकडे नुसतं बघितलं आणि म्हणाली, “बुधवार. आणि तू माझी परीक्षा घेतो आहेस.” मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

मेंदूसरांच्या शिबिराच्या समारोपाच्या आदल्या दिवशी ती दुपारी दुकानात आली. दुसऱ्या दिवशी तिची दुसरी चाचणी होती. मी एका चष्म्याची दांडी बसवत होतो, स्क्रू निसटून फरशीवर पडला. मोहरीएवढा स्क्रू, तो बोटांनी कुठला सापडायला! मी स्क्रू ड्रायव्हरचं टोक फिरवलं, स्क्रू टुणकन त्याला चिकटला.

“लोहचुंबक आहे का टोकाला?” ताईने विचारलं.

“हो. पण लोखंडी स्क्रूच उचलतो. पितळी असेल तर बस शोधत.”

ताई वाकून टोकाला चिकटलेल्या स्क्रूकडे बघत राहिली. मी हातातलं काम खाली ठेवलं.

“कात्री,” ती म्हणाली. “किल्ली. पत्र्याचं झाकण. आणि जे राहिलं ते सगळं लाकूड, काच, प्लॅस्टिक, पितळ.”

“ताई...”

“थांब. त्या पोरीने कापड कसं उचललं? आपण कोपरा धरून ओढतो. तिने मधोमध चिमटीत धरून अलगद वर उचललं. आत काहीतरी असल्यासारखं.” ती खुर्ची ओढून बसली. “अरे, आमच्याकडे मोजणी जुळली नाही तर आम्ही काय करायचो माहितीये? कुणाला वेडं ठरवत नव्हतो. दार बंद. कुणी बाहेर जायचं नाही. आणि पहिल्यांदा रुग्णावरची हिरवी कापडं झटकायची. दहातल्या आठ वेळा चिमटा कापडाच्या घडीत सापडायचा. हे मी हजार पोरींना शिकवलं आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा कापडाकडे बघितलंही नाही!”

“मग उद्या बोलू या.”

“आणि कापडात काही नसलं तर?” ती म्हणाली. “मग मी खरंच आईसारखी होते आहे. तेही उद्याच कळेल, तीनशे लोकांसमोर.”

दुसऱ्या दिवशी आम्ही पहिल्या रांगेत बसलो. ताईने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बोटं बधिर झाली. तिच्या चाचणीआधी एका नव्या माणसाची पाळी होती. बसचालक होता, मजबूत अंगाचा, नुकताच निवृत्त झालेला. ट्रे आला, हिरवं कापड आलं, संगीत सुरू झालं, बागेतलं तण उपटून झालं. मुलीने कापड उचललं.

“किल्ली कुठाय, काका?” मेंदूसरांनी विचारलं.

त्या एवढ्या मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मी पाहिलं. “होती...” तो म्हणाला. “होती वाटतं. नाही, मला... माहीत नाही.”

ताई उठली.

“कुणीही बाहेर जायचं नाही. मोजणी जुळलेली नाही.”

हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. थिएटरमध्ये सर्जन या आवाजाला थांबत असणार, कारण सभागृहही थांबलं. सहायक मुलगी कापड घेऊन टोपलीकडे निघाली होती, तीही जागच्या जागी उभी राहिली.

“कापड टोपलीत टाकू नकोस,” व्यासपीठावर चढत ताई म्हणाली. “ट्रेवर धर आणि झटक.”

“मंडळी,” मेंदूसर लगेच माइकमध्ये म्हणाले, “घाबरू नका. संशय हे याच आजाराचं पुढचं लक्षण. सिस्टरना नसलेल्या वस्तू दिसतात. आपण त्यांना समजून घ्यायला हवं. कुणीतरी त्यांना खाली...”

लोक कुजबुजायला लागले. मागून कुणीतरी “बिचारी” म्हणालं. तिने वळून माझ्याकडे पाहिलं, लहान मुलीसारखं, आणि त्या क्षणी तिला स्वतःचीच खात्री उरलेली नव्हती हे मला स्वच्छ दिसलं. मी उभा राहून ओरडलो, “मोज, ताई!” दुसरं काही सुचलंच नाही.

ती बसचालकाकडे वळली. “तुम्ही तीस-एक वर्षं गाडी चालवली असेल. आरशात दिसलेली गाडी खरी की खोटी, हे तुम्हाला कळत नव्हतं का? नक्की सांगा. किल्ली होती?”

चालकाने घाम पुसला. “होती,” तो म्हणाला. “काळी. मोठी.”

ताईने मुलीच्या हातून कापड घेतलं आणि ट्रेवर पालथं केलं. अस्तरात पोळपाटाएवढ्या जागेत चपटी लोहचुंबकं शिवली होती आणि त्यांना तिन्ही वस्तू चिकटून बसल्या होत्या. तिने एकेक ओढून काढली. काळी किल्ली. पत्र्याचं झाकण. शेवटी लाल मुठीची कात्री.

ती कात्री तिने हातात धरली आणि सगळ्यांसमोर हमसून हमसून रडली.

पुढचं पितळ उघडं पडायला वेळ लागला नाही. मी ग्रंथपालांना विचारलं, “तुम्हाला दोन्ही वेळा वस्तू कोणत्या दाखवल्या?” ते म्हणाले, “त्याच. रोज टोपी घालताना त्यांचीच चित्रं बघायचो की.” मग माझ्या धंद्यातली गोष्ट मी सांगितली: माझ्याकडे आठवडाभर रोज तोच अक्षरांचा तक्ता दाखवला तर आंधळा होत चाललेला माणूसही शेवटची ओळ वाचतो. नजर सुधारत नाही, तक्ता पाठ होतो. सहायक मुलीने कबूल केलं की दुसऱ्या चाचणीचं कापड पांढरं असायचं, त्यात काही शिवलेलं नसायचं. टोपी उघडली तर आत दिवे, बॅटरी आणि हवा. तबकडीचा काटा फिरवायचं बटण मेंदूसरांच्या कोटाच्या खिशात होतं. मेंदूसर मात्र कोट तिथेच टाकून गर्दीत मागच्या दाराने निघून गेले होते.

सगळे खूश झाले असं समजू नका. एक बाई ताईला म्हणाल्या, “आमचं चाललं होतं की बरं. तुम्हाला काय मिळालं?” भीती गेली की आशाही जाते, त्याचा राग कुणावर तरी निघतोच. ग्रंथपाल मात्र जवळ आले आणि म्हणाले, “सिस्टर, मग माझ्या मेंदूचं वय किती?”

“तुमच्याच वयाइतकं,” ताई डोळे पुसत म्हणाली. “तो तुमच्याबरोबरच जन्मला ना?”

मला एवढंच सांगायचं आहे. म्हातारपणी विसरायला होतं. कधी ते साधं असतं, कधी खरा आजार असतो, आमच्या आईला होता. शंका आली तर शिकलेल्या डॉक्टरकडे जा, कान आणि डोळे तपासा, झोप नीट घ्या, चाला, चार माणसांत बसा, आवडतं म्हणून नवीन काही शिका. आजाराची भीती वाटणं यात लाज नाही. पण जो माणूस आधी तुम्हाला घाबरवतो आणि मग त्याच भीतीवरचा उपाय पुढे करतो, त्याच्या हातातलं कापड आधी बघा. आणि दुसऱ्या कुणी सांगितलं म्हणून स्वतःच्या डोळ्यांना खोटं ठरवू नका. तपासून बघा.

पुढच्या शनिवारी ताई सकाळी माझ्या दुकानात डोकावली आणि घाईत स्वतःचा चष्मा काउंटरवर विसरून गेली. मी तो घेऊन तिच्या वर्गाच्या दाराशी गेलो. आत वीस शिकाऊ मुली होत्या आणि फळ्यावर आकडे.

“मोजणी जुळली नाही,” ताई विचारत होती, “तर पहिल्यांदा काय करायचं?”

“घाबरायचं नाही,” एक मुलगी म्हणाली.

“घाबरशीलच गं. मीही घाबरले. घाबरून झालं की काय करायचं?”

“कापड झटकायचं!” सगळ्या एकदम ओरडल्या.

ताईने मला दारात पाहिलं, माझ्या हातातला चष्मा पाहिला आणि कपाळावर हात मारून घेतला. “विसरले बघ,” ती म्हणाली आणि हसली. माझ्या पोटात या वेळी गोळा आला नाही.